अर्धा पीळ

दुपारी तीनच्या सुमारास समोरचा गादीवाला तोंडात चार खिळे धरून, हातोडीसकट, धावत रस्ता ओलांडताना दिसला तेव्हा मिस्त्रीला आधी हसूच आलं. गादीवाला म्हणजे खुर्च्यांना गाद्या ठोकून देणारा जाडजूड माणूस. त्याला जागेवरून उठायचं म्हटलं तरी आधी दोन मिनिटं विचार करावा लागायचा. हा आणि धावतोय? मिस्त्री कारखान्याच्या दारात उजेडाला बसून पटाशीला धार लावत होता. गादीवाला त्याच्या खांद्याला घासून आत गेला, त्याच्या मागून आणखी दोघं गेले, तेव्हा कुठे मिस्त्रीने मान वळवून पाहिलं. पट्टा करवतीचं मोठं मशीन थांबत थांबत आलं होतं. टेबलावर खुर्चीचा अर्धवट कापलेला मागचा पाय पडला होता. जमिनीवर, भुशात, पट्ट्याचं लांबलचक वेटोळं. आणि त्याची मुलगी टेबलापासून दोन पावलं मागे, दोन्ही हात छातीपाशी धरून, पीठ मळताना कुणी दार वाजवलं की बाई जशी उभी राहते तशी उभी. पट्टा तुटला, हे त्याला कळलं. पण मुलीला लागलं का, हा विचार दुसरा आला. पहिला आला तो हा की, मला आवाज आला नाही. हे दोन विचार कुठल्या क्रमाने आले याची लाज त्याला त्या दिवशी पुढे सगळा वेळ पुरली.

कारण पट्टा तुटतो तेव्हा काय आवाज होतो, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. पत्र्याचं पिंप दगडी पायऱ्यांवरून सोडून द्यावं तसा आवाज. गल्लीत लाकडाचे चौदा कारखाने. एकात पट्टा तुटला की चौदाच्या चौदा ठिकाणी हात थांबतात. आणि हा बसला होता बारा पावलांवर. "बाप रे, केवढा दणका!" गादीवाला तोंडातले खिळे तळहातावर काढत म्हणाला. "माझी तर हातोडी बोटावर बसली. मिस्त्री, तुम्ही कसे काय गप बसला होतात हो?" मिस्त्री त्याच्या ओठांकडे बघत होता. "पायच उचलेनात," तो म्हणाला. "केवढा आवाज, छे!" हे खोटं इतक्या सहज तोंडातून बाहेर पडलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सरावाने माणूस काय काय शिकतो!

मुलीला लागलं होतं. तुटलेल्या पट्ट्याचं टोक टेबल आणि पट्ट्याला वरून धरून ठेवणारी रोखणी यांच्या फटीतून चाबकासारखं बाहेर आलं होतं आणि तिच्या उजव्या गालावरून, डोळ्याखाली दोन बोटं, कानापर्यंत एक रेघ मारून परत आत गेलं होतं. रेघ आधी पांढरी होती, मग ती लाल झाली, मग वाहायला लागली. तिने चष्मा काढला. कामाचा, प्लास्टिकचा, बाजूंनी झाकलेला चष्मा. त्याच्या उजव्या काचेवर खालून वर एक खोल ओरखडा होता. तो सगळ्यांनी पाहिला. गादीवाल्याने स्वच्छ कापड आणलं, गालावर दाबून धरलं आणि म्हणाला, "चला, आधी दवाखाना. मिस्त्री, उठा, बघत काय बसलात?" हे शेवटचं मिस्त्रीला ऐकू आलं, कारण तो ओरडला होता.

दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. चालायला पाच मिनिटं. मुलगी उजव्या हाताने कापड दाबून चालत होती आणि तो तिच्या उजवीकडून, अर्धं पाऊल मागे. मध्येच तिने काहीतरी म्हटलं असावं, कारण तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा म्हणाली, "पट्टा जुना होता, बाबा." तो म्हणाला, "हो, जुनाच होता." पट्टा जुना नव्हता. अकरा दिवसांपूर्वी त्यानेच खोक्यातून काढून, गुंडाळी सोडवून, दात खाली करून चाकांवर चढवला होता. दोघांनाही ते माहीत होतं. बापलेकींनी भर रस्त्यात, रक्ताचं कापड मध्ये धरून एकमेकांना खोटं सांगावं आणि दोघांनीही ते मान्य करावं, असे दिवस आले होते.

गल्लीत त्याला कानसेन म्हणायचे. तानसेन होता आलं नाही तर माणसाने निदान कानसेन तरी व्हावं म्हणतात. हा दोन्ही नव्हता, गाण्याबिण्याचा त्याला गंधही नव्हता, पण पट्ट्याचा ताण कानाने लावणारा सगळ्या गल्लीत तो एकटा. पट्टा करवत म्हणजे तसं गरीब मशीन. वर एक चाक, खाली एक चाक, त्यांच्यावर दातेरी पट्टा ताणून बसवलेला, बस. पण ताण कमी झाला तर पट्टा लाकडात भरकटतो, रेघ सोडून कुठेही जातो. आणि जास्त झाला तर आतल्या आत थकतो आणि एक दिवस तुटतो. मशीनवर ताण दाखवायचा काटा असतो, पण त्या काट्यावर जो विश्वास ठेवेल त्याने मशीन विकून पानपट्टी टाकावी, असं मिस्त्री म्हणायचा. रात्री पट्टा सैल सोडून ठेवायचा आणि रोज सकाळी पुन्हा ताणायचा, ही त्याची रीत. तेव्हा तो मशीनची तार भिंतीतून काढायचा, डोळे मिटायचा, मशीनच्या मागे हात घालून ताणाचं हँडल आवळत जायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पट्टा छेडायचा. ढब्. आणखी एक फेरा. डब्. आणखी अर्धा. आणि मग एका जागी पट्टा बोलायचा. तंग, स्वच्छ, मध्यम सुरात बोलायचा. तिथे हात थांबायचा. नंतर चाक हाताने दोनचार वेळा फिरवून पट्टा रबराच्या मधोमध चालतो ना बघायचं, बाजूच्या रोखण्या कागदाच्या जाडीएवढ्या जवळ आणायच्या, दारं लावायची, मग वीज. दुसऱ्यांच्या कारखान्यात नवं मशीन आलं की ते याला बोलावायचे. "कानसेन, जरा कान लावून जा." हा जायचा, छेडायचा, मान तिरकी करायचा, भोवती चार माणसं श्वास रोखून उभी असायची. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात माणसाला दुसरं काय लागतं? चार माणसं आपल्यासाठी गप्प उभी राहतात, एवढं पुरे असतं.

आधी कोणता आवाज गेला ते त्याला आठवत नव्हतं. आवाज जाताना सांगून जात नाही. घराच्या दाराची घंटा असेल बहुतेक. मग दूध उतू जाताना होणारी चुर्र, मग कुलपात किल्ली फिरल्याचा खटका, मग पक्षी. पक्षी झाडावर बसून चोच उघडत होते आणि बंद करत होते. माणसांचे आवाज होते, पण त्यांतली काही अक्षरं झिजून गेली होती. 'सात' आणि 'हात' आणि 'आठ' सगळं एकच. समोरून बोललं तर ओठ दिसायचे, भागायचं. पाठीमागून कुणी बोललं तर ते बोललंच नाही असं धरून चालायचं. घरात बायको म्हणायची, "टीव्ही एवढा मोठा लावता, शेजारचे आता सरळ आपल्याच टीव्हीवर बातम्या ऐकतात." तो हसून घालवायचा. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात; याच्याकडे आता नुसतं मनाचंच उरलं होतं. चाळीस वर्षं मशीनच्या शेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? त्याला कळत होतं. कळत नव्हतं असं नाही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. कानसेन बहिरा झाला हे एकदा गल्लीत फुटलं की उद्यापासून आपण कोण? धार लावणारा म्हातारा. दारात बसून पटाशी घासणारा. लोक येता-जाता मोठ्याने ओरडून 'काय, बरंय ना?' विचारतील, लहान मुलाला विचारतात तसं.

आणि पट्टा? पट्ट्याचं काय करत होता तो? डॉक्टरच्या खोलीबाहेर, पाठ टेकायला काही नसलेल्या बाकावर बसून त्याने पहिल्यांदाच हा प्रश्न स्वतःला सरळ विचारला. आत मुलीच्या गालावर टाके पडत होते. दार अर्धं उघडं होतं, तिचे पाय दिसत होते, आणि डॉक्टरीणबाई काही बोलली की त्या पायांची बोटं बुटांच्या आत आवळली जात असल्याचं बुटांवरून कळत होतं. गेलं वर्षभर तो छेडायचा आणि पट्टा पूर्वीसारखा बोलायचा नाही. ढब्. नुसतं ढब्. त्याने असं ठरवलं होतं की हल्लीचे पट्टेच तसे येतात. पोलाद हलकं, दुसरं काय! मग तो आणखी थोडा आवळायचा. बोटाला कंप जाणवायचा, कानाला मात्र काही नाही. आणखी थोडा. आणि मग केव्हातरी कुठूनतरी, अगदी लांबून, तो जुना सूर आल्यासारखा वाटायचा. आठवणीतून यायचा की पट्ट्यातून, देव जाणे. तिथे तो थांबायचा, डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "हां, बोलला." चार माणसं माना डोलवायची. त्यांना तरी काय कळत होतं! म्हणजे एका माणसाला ऐकू येत नव्हतं आणि चार माणसं त्याच्याकडे बघून ऐकत होती. आणि त्या पट्ट्यापुढे उभी राहायची ती पोरगी.

त्याच्या उस्तादने डोळे अधू झाले म्हणून काम सोडलं होतं. तेव्हा हा पंचविशीत होता. उस्ताद भयंकर माणूस. पट्टा छेडायला लावायचा आणि सूर चुकला की कानाची पाळी धरून पिळायचा, "अरे, हा रडतोय, याला हसव." पट्टा तुटला तर उजवीकडे उडतो, म्हणून मशीनच्या उजवीकडे परमेश्वर जरी येऊन उभा राहिला तरी त्याला हाकलायचं, असं शिकवणाराही तोच. एका सकाळी उस्तादने चांगल्या शिसवीच्या फळीवर रेघ सोडून दोन बोटं आत कापलं. मशीन बंद केलं. फळीकडे पाहिलं. बोटाने रेघ कुठे आहे ते चाचपून पाहिलं. मग त्याने अंगातला एप्रन काढून खिळ्याला लावला, म्हणाला, "झालं आपलं," आणि घरी गेला. तो परत मशीनला शिवला नाही. ही गोष्ट मिस्त्रीने गल्लीत शंभर वेळा सांगितली असेल. आपली वेळ येईल तेव्हा आपणही असंच, एका झटक्यात, असं तो सांगून टाकायचा. वेळ आली आणि याने काय केलं? हँडल अर्धा पीळ जास्त आवळलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, म्हणतात ते काही खोटं नाही.

बाकावर शेजारी एक बाई आपल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मूल रडत होतं. तोंड पूर्ण उघडं, डोळे मिटलेले, मान लाल. मिस्त्रीला ते रडणं दुसऱ्या खोलीतून आल्यासारखं, उशीखालून आल्यासारखं येत होतं. तो मुलाकडे बघत राहिला आणि बघता बघता त्याला सकाळ आठवायला लागली. सकाळ त्याने दिवसभर बाजूला ठेवली होती, आता ती आली. सकाळी गादीवाला आणि पुढच्या कारखान्यातले दोघं दारात उभे होते, कुणाकडे तरी नवं मशीन आलं त्याच्या गप्पा चालल्या होत्या. याने ताण लावला, "हां, बोलला" म्हणाला, आणि त्या तिघांशी बोलायला दाराकडे वळला. सहज मागे पाहतो तर मुलगी मशीनमागे हात घालून उभी. हात हँडलवर. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "काय करतेस?" तो ओरडला. "मी लावलेल्या ताणाला हात? अजून जिवंत आहे मी! खबरदार पुन्हा हात लावलास तर!" तिघंही दचकले. गादीवाला उगाच छताकडे बघायला लागला. मुलीने हात काढून घेतला. तिने एकदा त्या तिघांकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि हात एप्रनला पुसला. तीस वर्षांची बाई, लोकांसमोर, शाळेतल्या पोरीसारखी.

पण त्यानंतर तिने काय केलं? आता बाकावर बसून तो एकेक गोष्ट पुन्हा बघत होता. तिने चष्मा लावला. एरवी तो तिच्या डोक्यावर असायचा, केसांत खोवलेला. दहा वेळा 'डोळ्यावर घे' म्हणावं तेव्हा घ्यायची. आज न सांगता घेतला. बाह्या बांधल्या, केस टोपीत घातले. वरची रोखणी लाकडाच्या अगदी वर, बोटभर अंतरावर आणून ठेवली. उजवीकडे गादीवाल्याची एक खुर्ची दुरुस्तीला पडली होती, तिच्यावर तो दुपारी येऊन टेकायचा; ती खुर्ची तिने उचलून भिंतीच्या पलीकडे नेऊन ठेवली. लाकूड पुढे ढकलायची काठी शोधून काढली. मग मशीन सुरू केलं. याने दारातून हे सगळं पाहिलं होतं आणि त्याला बरं वाटलं होतं. ओरडलं की पोरगी सरळ येते, असंच वाटलं होतं त्याला. आता त्याला दिसलं ते दुसरंच होतं. आज हा पट्टा तुटू शकतो हे तिला माहीत होतं. ती जाणून त्याच्यापुढे उभी राहिली. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत, सतरा पाय कापेपर्यंत, बापाचं तोंड चार लोकांत काळं होऊ नये म्हणून उभी राहिली. तो उठला, परत बसला. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं, त्याने नुसतीच मान हलवली.

मुलगी बाहेर आली. गालावर पट्टी, डोळा सुजायला लागलेला. "तीन टाके," तिने बोटांनी दाखवलं. "डोळा वाचला म्हणतात." आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, जणू काही विशेष झालंच नाही अशा आवाजात, त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी उरलेले पाय द्यायचे आहेत. संध्याकाळपर्यंत नवा पट्टा चढवून ताण लावून ठेवाल ना?" तो तिच्याकडे बघतच राहिला. म्हणजे उद्या पुन्हा. तो लावणार आणि ती उभी राहणार. तोंडातून शब्द काढणार नाही, हँडलला हात लावणार नाही. का? तर बापाने खबरदार म्हणून सांगितलंय. त्याला तिचा राग आला, खराखुरा राग. एवढं शहाणं कुणी कुणाला व्हायला सांगितलं होतं? मग राग ओसरला आणि खाली नुसती भीती राहिली. "ठेवतो," तो म्हणाला.

कारखान्यात ऊन दारापर्यंत खाली आलं होतं. मुलगी घरी जायला तयार नव्हती; झाडू घेऊन भुसा एका बाजूला करायला लागली. मिस्त्रीने मशीनची तार भिंतीतून काढलेली आहे ना ते पाहिलं, दोन्ही दारं उघडली, आणि तुटलेला पट्टा भुशातून उचलून उजेडात नेला. जिथे तुटला तिथे तो चकाकत होता. आधीची चीर असती तर कडेला काळी रेघ दिसली असती, तेल आणि धूळ मुरलेली. इथे आरपार पांढरं, ताजं. जोड सुद्धा शाबूत. असा पट्टा एकाच कारणाने तुटतो, आणि ते कारण पटाशी घासत दारात बसलं होतं. त्याने पट्टा खाली ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदा तो मशीनच्या मागे वाकला, भिंत आणि मशीन यांच्यातल्या अरुंद जागेत डोकं घालून, डोळे उघडे ठेवून हँडलकडे बघायला. इथे त्याचा हात हजारो वेळा आला होता, डोळे कधीच आले नव्हते. ताण लावताना तो डोळे मिटायचा.

हँडलवर एक लाल ठिपका होता. वाटाण्याएवढा, चकचकीत. हात लावून पाहिला तर नेलपॉलिश. मुलगी सुट्टीच्या दिवशी लावायची ते. आणि हँडलच्या मागे, मशीनच्या बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या अंगावर, तसाच दुसरा ठिपका. हँडल फिरवत आणलं की हा ठिपका त्या ठिपक्यासमोर यावा असा. ठिपक्यांच्या कडा भुशाने खरवडल्या गेल्या होत्या आणि वरून पुन्हा रंग दिला होता. एकदा नाही, तीनचार वेळा, वेगवेगळ्या लाल रंगांचे थर दिसत होते. पट्टा तुटल्यापासून हँडलला कुणाचा हात लागलेला नव्हता. ते सकाळी होतं तिथेच होतं. हँडलवरचा ठिपका भिंतीकडे होता, बिडावरचा त्याच्याकडे. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. बरोबर अर्धा पीळ जास्त. मिस्त्री वाकलेलाच राहिला. त्याची कंबर दुखायला लागली तरी तो उठला नाही. वर्षभर रोज सकाळी तो ताण लावायचा, 'हां, बोलला' म्हणायचा, चहा प्यायला समोर जायचा. आणि रोज सकाळी कुणीतरी मागून येऊन त्याचं कानसेनपण अर्धा पीळ मागे घ्यायचं. म्हणजे वर्षभर जी लाकडं सरळ कापली गेली, ज्यांचं कौतुक झालं, ती त्याच्या कानाने नव्हेच. नखं रंगवायच्या बाटलीने.

तो बाहेर आला तेव्हा गादीवाला दारात उभा होता. "काय म्हणतोय डोळा?" त्याने मुलीला विचारलं, आणि मग मिस्त्रीकडे वळून, मुद्दाम थोडा हलकेपणा आणून म्हणाला, "कानसेन, ते कोपऱ्यावरचे विचारत होते. नवं मशीन आलंय, उद्या कान लावायला येताय ना?" मिस्त्रीने त्याचे ओठ नीट पाहिले. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. गादीवाला मोठ्याने म्हणाला, "उद्या! कान लावायला!" "अरे, ते कळलं," मिस्त्री म्हणाला. "मला ऐकू येत नाही म्हणतोय. वर्ष झालं. दुपारचा दणकासुद्धा मला ऐकू आला नाही. हिला न्या उद्या. ताण हिला कळतो." गादीवाला हसला. "कानसेनाला ऐकू येत नाही म्हणे!" त्याने मुलीकडे पाहिलं, तीही हसेल म्हणून. ती झाडूवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत होती. गादीवाल्याचं हसू चेहऱ्यावरच वाळलं. तो काहीतरी पुटपुटला, खिशातले खिळे चाचपले आणि रस्ता ओलांडून गेला. आता तासाभरात चौदा कारखान्यांत कळणार होतं. कळू दे.

"कधीपासून?" मिस्त्रीने मुलीला विचारलं, हँडलकडे बोट करून.

तिने झाडू भिंतीला टेकवला आणि ती समोर आली, दाराचा उजेड तोंडावर पडेल अशी. "पट्टे लवकर तडकायला लागले तेव्हापासून. मी बोटाने दाबून बघायची. चांगला ताण असला की दोन सूत हलतो. तुम्ही लावलेला हलायचाच नाही."

"आणि मला सांगायचं नाही? जीभ झडली होती?"

"सांगितलं होतं. दोनदा." ती सावकाश बोलत होती, प्रत्येक शब्द नीट, आणि बोलताना टाके ओढले जात होते. "एकदा घरी. तुम्ही बूट घालत होतात. मी म्हणाले, कान दाखवून येऊ या का. तुम्ही वर बघितलंही नाहीत. एकदा इथं, मशीन बंद करून. तर तुम्ही उठून बाहेर निघून गेलात. मला वाटलं, तुम्हाला राग आला. वाटलं, यांना सगळं माहीत आहे, फक्त त्यावर बोलायचं नाहीये. मग मी बोलायचं सोडून दिलं."

त्याला यातलं काहीच आठवेना. आठवणार कुठून? बूट आठवत होते. बाहेर गेलेला आठवत होता, सिगारेट ओढायला गेला असेल. मध्ये कुणी काही म्हटलं होतं, तो भाग त्याच्याकडे आलाच नव्हता.

"मग आज सकाळी तरी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याच्याच डोक्यात घुमला. "मी ओरडलो तेव्हा तरी. त्या तिघांसमोर सांगितलं असतंस, थोबाडीत मारली असतीस तरी चाललं असतं. गप्प का बसलीस, पोरी?"

तिने खाली पाहिलं, मग आठवून चेहरा परत वर केला.

"गप्प नव्हते बसले. चष्मा लावताना बोलले. तुमच्याकडे माझी पाठ होती. म्हणाले, बाबा, तुम्ही म्हणता तर कापते मी, पण आज मला भीती वाटतेय."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, शाब्बास."

म्हणाला होता. तेवढं मात्र त्याला लख्ख आठवत होतं. पोरगी न सांगता चष्मा लावतेय हे बघून तो खूश झाला होता, आणि दारातल्या तिघांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाला होता.